ग्राफिक्स कार्डाची घडण : परीक्षणाच्या निकषांचा पुनर्विचार

१

यंत्रांच्या परीक्षणाचे वाङ्मय आज विपुल झाले आहे. त्याबरोबरच त्यातील काही शब्द अर्थाची चौकशी न होताच रूढ होऊन बसले आहेत. ‘घडणीचा दर्जा’ हा अशा शब्दांपैकी एक होय. नवे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले की परीक्षक ते हातात घेतो, त्याचे वजन सांगतो, पाठीवरील धातूच्या पत्र्याची वाखाणणी करतो, पंख्यांची संख्या मोजतो आणि घडण उत्तम असल्याचा निर्वाळा देतो. पुढे दुसऱ्या एका परिच्छेदात तापमानाचा आकडा येतो. पहिल्या निर्वाळ्याचा या आकड्याशी संबंध कोणता, आणि तो आकडा ज्या खोलीत मिळाला त्या खोलीचा वाचकाच्या खोलीशी संबंध कोणता, हे दोन प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात ते विचारावयाचे आहेत.

हा प्रश्न केवळ खेळाच्या हौसेचा राहिलेला नाही. पडद्यावरील चित्र रंगविण्यासाठी जन्मलेले हे कार्ड गेल्या दोन दशकांत गणनाचे प्रमुख साधन बनले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्याचे काम, दुर्बिणीच्या सुधारित रूपात, अशा कार्डांच्याच साहाय्याने चालते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकाला नोव्हेंबर २०२० च्या जागतिक सूचीत ६३ वे स्थान मिळाले, तेही अशाच प्रक्रियकांच्या बळावर. जे साधन दुर्बिणीला आणि महासंगणकाला लागते, तेच लग्नाच्या चित्रफिती जोडणाऱ्या छायाचित्रकाराला आणि प्रबंधासाठी प्रतिमांचे विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्यालाही लागते. दोघांच्या भोवतालची हवा मात्र एक नसते.

म्हणून या विवेचनात कसोटीचे ठिकाण म्हणून परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे गाव समोर ठेवले आहे. मराठवाड्यातील कोणतेही गाव चालले असते. परंतु निकष तपासावयाचा तर तो एखाद्या निश्चित जागी उभा करून तपासावा, हे बरे. मे महिन्यात जेथे दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो, जेथे उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ उडते आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू हवेत तरंगतात, अशा ठिकाणी हे यंत्र ठेवले असता त्याच्या घडणीविषयी आपण काय म्हणू? समीक्षेला याचे उत्तर देता आले पाहिजे.

२

प्रथम ‘घडण’ या शब्दाचा अर्थ निश्चित करू. ग्राफिक्स कार्डावरील चिपमध्ये शिरणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता चिपमधून पेस्टच्या पातळ थरात, तेथून तांब्याच्या तळात, तेथून उष्णतावाहक नळ्यांत, नळ्यांतून पातळ पत्र्यांच्या पाकळ्यांत, पाकळ्यांतून हवेत, कॅबिनेटमधून खोलीत आणि खोलीतून बाहेर असा प्रवास करते. या साखळीतील प्रत्येक सांधा उष्णतेला काही अडथळा करतो आणि प्रत्येक अडथळ्याची किंमत तापमानाच्या काही अंशांत मोजावी लागते. कार्डाची घडण म्हणजे या सांध्यांची गुणवत्ता होय. बाहेरून दिसणारे कवच ही केवळ तिची वेशभूषा आहे.

या सांध्यांपैकी सर्वांत नाजूक सांधा सर्वांत अदृश्य असतो. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट आहे. दोन घासलेले पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी त्यांच्यामधील सूक्ष्म खाचांत हवा राहते. ती हुसकून लावण्यासाठीच पेस्ट असते. साधा हिशेब करू. चार चौरस सेंटिमीटरच्या चिपवर पेस्टचा ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर आहे, पेस्टची वाहकता दर मीटर-अंशाला पाच वॉट आहे आणि चिपमधून २२० वॉट बाहेर पडत आहेत, असे धरले तर या एका थरावर साडेपाच अंशांचा फरक पडतो. आता दोन-तीन वर्षांच्या तापण्या-निवण्याने पेस्ट कडेला सरकली, सुकली आणि तिची परिणामी वाहकता चौथ्या हिश्शावर आली, तर त्याच थरावर बावीस अंश खर्ची पडतात. बाहेरून कार्ड पहिल्या दिवसाइतकेच देखणे असते. पाठीवरचा पत्रा तोच, दिवेही तेच. साडेसोळा अंश मात्र वाढलेले असतात.

स्मृतीच्या चिपांवर आणि वीजनियामक घटकांवर पेस्टऐवजी मऊ पॅड असतात. तेथे जाडीचा प्रश्न येतो. पॅड अर्धा मिलिमीटर कमी जाडीचा निघाला तर स्पर्शच होत नाही. अर्धा मिलिमीटर अधिक निघाला तर हीटसिंक उचलला जाऊन मुख्य चिपवरील दाब कमी होतो. एका सांध्याचा दोष दुसऱ्या सांध्यात प्रकट होतो. म्हणूनच ‘मुख्य चिपचे तापमान इतके इतके’ एवढ्यावर परीक्षण थांबविणे हे इमारतीचा एकच खांब ठोकून पाहण्यासारखे आहे.

३

गेल्या पंचवीस वर्षांतील गाजलेले दोष या दृष्टीने पुन्हा पाहिले असता एक सूत्र स्पष्ट होते. २००३ मध्ये विक्रीस आलेल्या एन्व्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा त्याच्या आवाजाबद्दल इतका बदनाम झाला की पुढे कंपनीने स्वतःच त्यावर विडंबनपर चित्रफीत काढली. हा दोष कानाला कळणारा होता. म्हणून तो लगेच पकडला गेला आणि लवकर सुधारलाही गेला.

जे दोष कानाला वा डोळ्याला कळत नाहीत त्यांची गोष्ट वेगळी आहे. जुलै २००८ मध्ये त्याच कंपनीने लॅपटॉपमधील काही चिपांच्या बांधणीतील कच्च्या साहित्यामुळे उद्भवलेल्या बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. चिप आणि तिचा आधार यांना जोडणारे सांधे वारंवार तापण्या-निवण्याने निकामी होत होते. ज्या दिवशी परीक्षण झाले त्या दिवशी ही यंत्रे निर्दोष होती. दोष वस्तूत होता, पण तो प्रकट होण्यास काळ लागणार होता.

डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाच्या मूळ आराखड्यातील काही नगांत तिसराच प्रकार आढळला. या कार्डात तांब्याचा पोकळ कक्ष असतो. त्यातील अल्पसे पाणी गरम बाजूला वाफ होते, थंड बाजूला पुन्हा द्रव होते आणि या फेऱ्यांतून उष्णता वाहून नेते. काही कक्षांत पाणी पुरेसे नव्हते, हे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. अशा कार्डावरील सर्वांत तप्त बिंदू ११० अंशांपर्यंत पोहोचे; आणि विशेष म्हणजे कार्ड आडवे बसविले की उभे, यावर परिणाम बदलत असे. पारखणारा हात कितीही सराईत असला तरी बंद कक्षातील पाण्याचे थेंब त्याला मोजता येत नाहीत.

याच २०२२ सालात आरटीएक्स ४०९० या ४५० वॉटच्या कार्डाचे वीजजोड काही ठिकाणी वितळले. जोड पूर्ण न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले आणि २०२३ मध्ये जोडाच्या प्रमाणात बदल करण्यात आला. ४५० वॉट म्हणजे बारा व्होल्टला साडेसदतीस अँपिअर. सहा पिनांत विभागले तरी प्रत्येकीच्या वाट्याला सहाहून अधिक. स्पर्श अपुरा झाला की तेथे उष्णता साचणारच. येथे वीज वाहत होती, पूर्वीच्या उदाहरणांत उष्णता वाहत होती. परंतु दोष दोन्हीकडे सांध्यातच होता.

या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा : घडणीचे जे गुण दिसतात त्यांवर परीक्षण बोलते, आणि जे दोष यंत्राला मारतात ते सांध्यांत आणि काळात दडलेले असतात. वजनाची वाखाणणी तर उलटही पडू शकते. दोन किलोंहून अधिक वजनाचे कार्ड एका खाचेत आडवे लटकले की त्याची पाटी वाकते आणि चिपांखालील झाळकामावर ताण येतो. जाड धातू हा त्या ठिकाणी गुण नसून आधाराची मागणी करणारा बोजा असतो.

४

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. परीक्षणातील तापमान बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेले असते. काटेकोर परीक्षक खोलीचे तापमान वजा करून फक्त वाढ सांगतात, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. परंतु ही पद्धत सार्वत्रिक नाही आणि निर्वाळा देताना ती बहुधा विसरली जाते.

समजा, २२० वॉटचे एक कार्ड २४ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिर राहते. वाढ ४६ अंशांची, म्हणजे दर वॉटला सुमारे ०.२१ अंश. हेच कार्ड राणीसावरगावात पत्र्याच्या छपराखालील खोलीत, हवा ४० अंश असताना चालविले, तर साध्या बेरजेने ८६ अंश होतात. अनेक कार्डे ८३ अंशांच्या आसपास आपला वेग आपणच उतरवू लागतात. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग येथे मे महिन्याच्या दुपारी अस्तित्वातच नसतो. तो कमी झाल्याची घंटा वाजत नाही. काम फक्त लांबते आणि मालक आपल्या संगणकाला किंवा आपल्या अज्ञानाला दोष देतो. या सबंध प्रश्नातील खरा अन्याय हाच आहे.

ही बेरीजही प्रत्यक्षाहून सौम्य आहे. चिप जितकी तापते तितकी तिच्यातील वीजगळती वाढते, त्यामुळे तेच काम करताना ती थोडी अधिक वीज खाते. शिवाय खोली स्वतः स्थिर नसते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या बंद खोलीत ५०० वॉट खाणारा संगणक तासभर चालला आणि भिंतींनी काहीच शोषले नाही असे धरले, तर केवळ हवेच्या हिशेबाने तापमान चाळीस अंशांहून अधिक वाढेल. भिंती पुष्कळ शोषतात म्हणून तसे घडत नाही. परंतु कोणती भिंत आणि कोणते छत, हा प्रश्न त्यामुळेच कार्डाच्या समीक्षेत शिरतो. जाड मातीच्या भिंतींचे माळवदाचे घर दुपारची धग संध्याकाळपर्यंत लांबवीत असे; पत्रा ती तत्काळ आत सोडतो. माळवद पाडून पत्रा घालणाऱ्या घराने नकळत आपल्या संगणकाचाही हीटसिंक बदललेला असतो.

मोठ्या संस्था हा प्रश्न कसा सोडवितात ते पाहणे उद्बोधक आहे. परम सिद्धी ज्या डीजीएक्स ए१०० यंत्रांच्या प्रकारावर उभारला गेला, त्या प्रत्येक यंत्रात ४०० वॉटचे आठ प्रक्रियक असतात आणि निर्मात्याने त्याच्यासाठी सांगितलेली हवेची मर्यादा पाच ते तीस अंश आहे. पुण्याच्याच आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रक्रियकांना द्रवाने थंड करण्याची व्यवस्था आहे. म्हणजे संस्था यंत्राबरोबर हवामानही विकत घेते. राणीसावरगावच्या ग्राहकाला यंत्र विकले जाते. त्या यंत्राने गृहीत धरलेले हवामान मात्र पेटीत मिळत नाही. तीस अंशांची जी अट मोठ्या यंत्राच्या कागदावर स्पष्ट छापलेली असते, ती छोट्या कार्डाच्या बाबतीत ग्राहकाच्या नजरेसमोर सहसा येतच नाही.

५

यावर उपाय कोणते? येथेही प्रचलित वाङ्मयाचा क्रम उलटा आहे. ते प्रथम मोठा पंखा, महागडी पेस्ट, पाण्याचे शीतन सुचविते. आपल्या परिस्थितीत योग्य क्रम साखळीच्या शेवटाकडून सुरू होतो, आणि तो बहुतांशी फुकटचाही आहे.

पहिला उपाय वीज कमी करण्याचा. चिपमधील गतिक वीजव्यय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज एकदशांशाने उतरविले तर हा व्यय सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. कार्डे कारखान्यातून सहसा वेगाच्या शेवटच्या टोकाला ताणून येतात, म्हणून थोडी वीज कमी केल्याने वेगाची हानी त्या मानाने अल्प होते. वरील उदाहरणात मर्यादा २२० वरून १७६ वॉटवर आणली, तर वाढ ४६ ऐवजी ३७ अंश होते आणि चाळीस अंशांच्या खोलीत कार्ड ७७ अंशांवर राहते. नवा पंखा नाही, पेस्ट नाही, स्क्रूला हातही नाही. २०१६ मध्ये जीफोर्स जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॉट खात होते, २०२५ मधील आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॉट खाते. हा क्रम ध्यानी घेता संयम हाच उत्तम शीतक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा उपाय हवेच्या वाटेचा. कॅबिनेट भिंतीला वा कपाटाला चिकटवून ठेवू नये. आत येणाऱ्या हवेपुढे धुतला जाणारा बारीक जाळीचा पडदा असावा. कापसाचा तंतू पाकळ्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा जमतो. मग पंखा कितीही फिरो, हवा आत जात नाही. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने तो काढावा, आणि ब्लोअरने झटकताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते अतिवेगाने फिरून बेअरिंगला इजा होते. पंखे घेताना बॉल बेअरिंगचे घ्यावेत. साध्या बुशवर फिरणाऱ्या पंख्यातील वंगण उष्णतेत लवकर सुकते.

तिसरा उपाय खोलीचा. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर फार प्रभावी असतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता वीस टक्के असता ओल्या फडक्याच्या तापमापकाचा पारा २३–२४ अंशांवर असतो. चांगला कूलर खोलीची हवा तिशीच्या आसपास आणू शकतो. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण त्याबरोबर उडणारे बारीक तुषार जड पाण्यातील क्षार पाटीवर ठेवून जातात. आणि खिडकी उघडी नसेल तर ओलावा साचून कूलरचा गुणच नाहीसा होतो. लांबलचक कामे रात्री लावावीत, हा सल्ला शेतीपंपाच्या पाळ्या सांभाळणाऱ्या गावाला निराळा सांगावयास नको.

पेस्ट आणि पॅड बदलणे हा चौथा उपाय. तो शेवटी येतो, कारण त्यात धोका आहे. जी कार्डे सरासरी तापमानाबरोबर सर्वांत तप्त बिंदूचाही आकडा दाखवितात, त्यांच्यात या दोहोंतील अंतर वर्षागणिक वाढत गेले तर पेस्ट निकामी होत आहे असे समजावे. पूर्वी पंधरा अंश असलेले अंतर तीस झाले, तरच कार्ड उघडावे. आणि मूळ पॅडची जाडी मोजल्याविना नवा पॅड लावू नये.

६

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. जगभर विकली जाणारी वस्तू प्रत्येक गावाच्या हवेसाठी घडविता येत नाही. कार्ड स्वतःचा वेग उतरवून स्वतःला वाचविते, हाच त्याच्या घडणीचा गुण नव्हे काय? पहिला मुद्दा मान्य आहे. दुसराही अंशतः मान्य आहे. वेग उतरविणारे कार्ड जळणाऱ्या कार्डापेक्षा निःसंशय चांगले. परंतु समीक्षेची मागणी निर्मात्याने राणीसावरगावसाठी निराळे कार्ड काढावे अशी नाही. जे सांगावयास हवे ते त्याने सांगावे, आणि परीक्षकाने विचारावे, एवढीच ती आहे.

ते विचारणे कठीण नाही. दर वॉटला किती अंश वाढ, चाळीस अंशांच्या हवेत वेग किती उरतो, पॅड किती जाडीचे, पंखा सुटा मिळतो काय, आणि ग्राहकाने केवळ धूळ व पेस्ट यांसाठी स्क्रू काढला तर हमी टिकते काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पेस्ट सुकणे हा झिजेचा धर्म आहे. तिची देखभाल निषिद्ध ठरविणारी चिठ्ठी स्क्रूवर चिकटविलेली असेल, तर ती वस्तू घडणीने कितीही चांगली असो, दीर्घकाळ चांगली राहू नये अशीच तिची योजना आहे, असे म्हणणे भाग पडते.

या प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे मिळविण्यासाठी निर्मात्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. एक तापमापक, वीज मोजणारे एक मीटर आणि धीर एवढ्या सामग्रीवर पदव्युत्तर वर्गातील कोणताही विद्यार्थी आपल्या गावी, आपल्या छपराखाली, डिसेंबर आणि मे या दोन महिन्यांत हे मोजमाप करू शकेल. एकच कार्ड, एकच काम, दोन ऋतू आणि पाठोपाठची तीन वर्षे, असा तक्ता हाती आला तर घडणीच्या चर्चेला प्रथमच खरा आधार मिळेल. कारण कार्डाची घडण पहिल्या दिवशी, थंड खोलीत, हातात तोलून ठरत नाही. ती तिसऱ्या उन्हाळ्यात ठरते.